ङियाप

क कमळाचा, ख खटाऱ्याचा, ग गवताचा, घ घराचा. पुढच्या चौकोनात नुसतंच ङ. चित्र नाही. बाईंची छडी तिथे क्षणभर टेकायची आणि 'च चमच्याचा'वर उडी मारायची. 'वाङ्मय' या शब्दात अडकलेला तो एक सोडला तर पस्तिशीपर्यंत मी हे अक्षर कधी वापरलं नव्हतं. मग नोकरीसाठी थायलंडला आलो आणि पाहिलं, तर इथल्या मुळाक्षरांची रांग आपलीच. क, ख आणि पुढे ङ. फक्त इथे ङच्या चौकोनात चित्र आहे, सापाचं. साप म्हणजे 'ङू'. काम म्हणजे 'ङान'. पैसे म्हणजे 'ङन'. आपल्याकडे जन्मभर बिनकामाचं बसून राहिलेलं अक्षर इथे एवढा संसार ओढतंय, हे पाहून मला उगाच बरं वाटलं होतं.

आताशा मात्र याच अक्षराचा एक शब्द रोज कानावर येतो. 'ङियाप'. अर्थ शांत, सामसूम. देवळात गेलं, रात्री गल्लीत शिरलं, की हाच शब्द. पण दुकानाच्या पायरीवर बसलेली बाई 'ङियाप' म्हणाली की त्याचा अर्थ एकच. गिऱ्हाईक नाही.

आमच्या सोईच्या तोंडाशी (सोई म्हणजे गल्ली) एक किलोवर कपडे धुऊन देणारं दुकान आहे. चार मशिनं, एक इस्त्रीचं टेबल, छताला टांगलेल्या लोखंडी दांड्या आणि दारात एक काटा. दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे 'पी' म्हणतात. पी म्हणजे ताई, किंवा दादाही; मोठ्या भावंडाला एकच शब्द. त्यांचं पाळण्यातलं नाव मला अकरा वर्षांत कळलेलं नाही आणि विचारायची गरजही पडली नाही. कपडे काट्यावर ठेवायचे, त्या आकडा बघतात, चिठ्ठी लिहितात, पिशवीला पिन मारतात. मी विचारतो, कसं काय पी? त्या रस्त्याकडे बघत म्हणतात, ङियाप.

मी पट्टायाला राहतो. हे वाक्य मराठी माणसासमोर उच्चारायचं म्हणजे एक वेगळीच परीक्षा असते. समोरच्याचा डावा डोळा आपोआप बारीक होतो. "मज्जा आहे बुवा तुमची!" लग्नकार्यात तर चुलत्यांपासून आचाऱ्यापर्यंत सगळे हळूच बाजूला घेऊन विचारतात. त्यांना सांगून पटत नाही, की मी सकाळी साडेसहाला कंपनीच्या बसने मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात जातो, लॅम चबांग बंदरात जाणाऱ्या कंटेनरांच्या रांगेत तासभर अडकतो, संध्याकाळी येतो आणि वरण-भात खातो. थायलंडचा हा पूर्व किनारा म्हणजे मोटारींचे कारखाने, रिफायनऱ्या आणि बंदरं. पट्टाया त्याच्या मध्ये येतं एवढंच. बायकोने यावर तोडगा काढलाय. ती 'आम्ही चोनबुरी प्रांतात असतो' असं सांगते. कुणाला काही कळत नाही आणि सगळे आदराने मान हलवतात.

आलो २०१४ मध्ये, मेमधल्या लष्करी उठावानंतर चारेक महिन्यांनी. तेव्हा बाथ दोन रुपयांच्या आतच होता. २०२५ सरता सरता तो पावणेतीनच्या पुढे गेला होता. पगार बाथमध्ये असल्याने मला हे बरंच पडायला हवं, आणि कुडाळच्या घराचे हप्ते फेडताना पडलंही. पण याच आकड्याची दुसरी बाजू पीच्या काट्यावर दिसते. तिकडे नंतर येतो.

आधी माझं गाऱ्हाणं.

परदेशी माणूस इथे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहत असेल तर त्याने दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशनला कळवायचं असतं, की मी अजून इथेच आहे, याच पत्त्यावर आहे. अकरा वर्षं झाली तरी. पासपोर्टला एक चिठ्ठी लावून मिळते, तिच्यावर पुढची तारीख. चुकली तर दोन हजार बाथ दंड. हे आता ऑनलाइनही होतं, म्हणजे ज्या दिवशी होतं त्या दिवशी होतं. त्याशिवाय वर्षाला व्हिसाची मुदतवाढ, १,९०० बाथ. मुदतवाढ मिळाली आणि पुन्हा आत येण्याचा परवाना न काढता तुम्ही आजी वारली म्हणून धावत गावी गेलात, तर ती मुदतवाढ विमानतळावरच संपते. हा परवाना एका वेळेचा हजार बाथ, अनेक वेळांचा ३,८००. मी कायम ३,८०० वाला काढतो. आमच्याकडे म्हातारी माणसं बरीच आहेत.

आणि एक कागद असतो, तो घरमालकाने द्यायचा. परदेशी माणूस घरात उतरला की चोवीस तासांत कळवायचं. कायदा १९७९ चा, पण कुणी विचारत नव्हतं. २०१९ मध्ये एकाएकी तो कडक झाला. आमची घरमालकीण त्या वेळी लेकीच्या बाळंतपणाला उत्तरेला गेलेली, तिला या कागदाचा पत्ताच नाही. दंड १,६०० बाथ. कायद्याने तिने भरायचा, पण कागदाशिवाय अडलेलं काम माझं, म्हणून मी भरला. ती परत आली तेव्हा मला आंब्यांची पाटी आणून दिली, वर 'माय पेन राय' म्हणाली. म्हणजे 'असू दे, काही हरकत नाही'. खरं तर हे मी म्हणायचं होतं.

असल्या गोष्टींनी माणूस मरत नाही. पण त्या साचत जातात. कारखान्यात व्हिसासाठी पगाराची किमान मर्यादा असते, आणि ती पासपोर्ट कुठला यावर ठरते. युरोपीय, अमेरिकन, जपानी माणसाला ५० हजार बाथ, आम्हाला ३५ हजार. काम तेच, यंत्र तेच, आणि सरकारी कागदावर माझी सुरुवातच पंधरा हजारांनी खाली. प्रत्यक्षात मला त्याहून बरंच जास्त मिळतं, तरी तो तक्ता पहिल्यांदा पाहिला तो दिवस आठवतो. बायको कुडाळला शाळेत शिकवायची. इथे ती माझी 'अवलंबून' आहे, कागदोपत्री शब्दच तो. नोकरी करायची तर तिने वेगळा परवाना काढायचा. एका बालवाडीत विनामोबदला गाणी शिकवायला जायचं ठरवलं, तर कळलं त्यालाही परवाना लागतो. तिने त्या दिवशी घरातले सगळे डबे काढून घासले.

घर घेता येतं, पण फ्लॅटच, आणि तोही इमारतीच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते. जमीन नावावर होत नाही. कायमच्या रहिवासाचा परवाना मिळू शकतो. एका देशाच्या वर्षाला १०० जणांना, फी १ लाख ९१ हजार ४०० बाथ, शिवाय थाय भाषेतली मुलाखत. एवढ्या मोठ्या भारताला शंभर, आणि कुठल्याशा बेटाएवढ्या देशालाही शंभरच. मी अर्ज केलेला नाही. का केला नाही, याचं उत्तर मी लोकांना 'फी फार आहे' असं देतो.

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या इमारतीखाली पोहण्याच्या तलावाशी कट्टा जमतो. दोन जर्मन, एक नॉर्वेजियन, मी, आणि माझ्या शेजारच्या फ्लॅटमधला एक निवृत्त इंग्रज. याचं दुःख आमच्याहून सवाई. तो आला तेव्हा, २००६ च्या सुमारास, पौंडाला ७० बाथ मिळायचे. आता पंचेचाळीसच्याही आत. ब्रिटिश सरकार थायलंडमध्ये राहणाऱ्यांचं सरकारी पेन्शन वाढवत नाही. ज्या वर्षी सुरू झालं त्या वर्षीचा आकडा गोठून राहतो. निवृत्तांच्या व्हिसासाठी दरमहा ६५ हजार बाथ उत्पन्न दाखवा, नाहीतर बँकेत आठ लाख ठेवा, असा नियम. पूर्वी त्याची वकिलात उत्पन्नाचं पत्र द्यायची, ती २०१९ पासून बंद झाली. मग त्याने आठ लाख ठेवले. ते आठ लाख म्हणजे त्याची सगळी पुंजी, आणि वर्षातला बराच काळ तिला हात लावता येत नाही. २०२४ पासून परदेशातून आणलेल्या उत्पन्नावर कराचा नवा अर्थ लागू झाला, तेव्हापासून तो बँकेतून पैसे मागवतानासुद्धा चोरासारखा इकडेतिकडे बघतो.

परदेशी पाहुण्यांचे आकडे पडायला लागले तेव्हा या कट्ट्यावर जो आनंद पसरला तो मी विसरणार नाही. २०१९ मध्ये ३ कोटी ९८ लाख परदेशी पाहुणे आले होते. कोविडनंतर चढत चढत २०२४ मध्ये ३ कोटी ५५ लाखांपर्यंत पोचले. सगळ्यांना वाटलं, २०२५ मध्ये जुना विक्रम मोडणार. झालं उलटं, २०२५ मध्ये ते ३ कोटी ३० लाखांच्या घरात उतरले. महासाथ सोडली तर कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. कट्ट्यावर ग्लासांना ग्लास भिडले. "बरं झालं. आता कळेल यांना." नव्वद दिवसांचा कागद, दुहेरी दर, टॅक्सीवाले, दुपारी दोन ते पाच बिअर न विकण्याचा तेव्हाचा जुनाट नियम, सगळ्यांचा सूड एकदम निघाल्यासारखं. मीही हसलो. खोटं कशाला बोलू, मला मनापासून बरं वाटलं होतं.

पण घरी येऊन विचार केला तेव्हा हिशेब काही जुळेना. आठवडाभर हवा खायला आलेल्या माणसाला नव्वद दिवसांचा कागद ठाऊकही नसतो. त्याच्यासाठी तर दारं सताड उघडली होती. भारतीयांना नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हिसा माफ झाला. जुलै २०२४ मध्ये ९३ देशांच्या लोकांना साठ दिवस फुकट झाले. चीनशी मार्च २०२४ पासून दोन्ही बाजूंनी व्हिसामाफी. म्हणजे आमचा छळ आणि त्यांचं न येणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आम्ही आपलं दुखणं दुसऱ्याच्या तापाशी जोडत होतो.

जो पाहुणा आटला तो मुख्यतः चिनी. २०१९ मध्ये १ कोटी १० लाख चिनी आले होते. २०२४ मध्ये ६७ लाख, २०२५ मध्ये ४५ लाखांच्या आसपास. जानेवारी २०२५ मध्ये वांग शिंग नावाचा एक चिनी नट भूमिकेच्या आमिषाने इथे आला आणि मे सोतच्या सीमेवरून त्याला म्यानमारमध्ये, ऑनलाइन फसवणुकीचे कारखाने चालतात तिथे पळवून नेलं. काही दिवसांत तो सुटला, पण डोकं भादरलेला त्याचा फोटो चीनभर फिरला. मार्चच्या २८ तारखेला म्यानमारच्या भूकंपात बँकॉकमधली बांधकाम चालू असलेली एक सरकारी इमारत पत्त्यासारखी कोसळली. जुलैमध्ये कंबोडियाच्या सीमेवर तोफा सुटल्या. ज्या आईला मुलांना घेऊन कुठेतरी समुद्रावर जायचंय, ती या तीन बातम्यांनंतर काय करेल? ती व्हिएतनामला जाईल, जपानला जाईल. २०२५ मध्ये लोकांनी तेच केलं. व्हिएतनाममध्ये २०२५ मध्ये दोन कोटींवर पाहुणे गेले, त्यांचा आजवरचा उच्चांक. आणि तिथला पैसा स्वस्त आहे, इथला बाथ महाग झालाय.

आता पीच्या काट्याकडे. मला वाटलं होतं, एवढे चिनी कमी झाले म्हणजे पीचा धंदा तिथेच बसला असेल. एकदा तसं बोलूनही दाखवलं. त्या हसल्या. चिनी कुठे कपडे टाकायचे? त्यांची बस यायची, चार दिवसांत निघून जायची. बस चिनी कंपनीची, हॉटेल ठरलेलं, जेवण ठरलेलं, दागिन्यांचं दुकानही ठरलेलं. पैसा त्यांच्यातच फिरायचा. सरकारने २०१६ मध्ये अशा 'शून्य डॉलर' सहलींवर मोठी कारवाई केली, तेव्हाही पीच्या दुकानात काही हललं नव्हतं. त्यांचं गिऱ्हाईक वेगळं. हिवाळ्यात दोन-तीन महिने मुक्काम ठोकणारे रशियन, ज्यांचे वाळूने जड झालेले टॉवेल काट्यावर छान वजन दाखवायचे. आणि बारमाही म्हातारे, माझ्या शेजाऱ्यासारखे, ज्यांना इस्त्री येत नाही.

कुठले पाहुणे कधी आले आणि कधी गेले, याचा इतिहास या दुकानाच्या पाटीवर वाचता येतो. पत्रा एकच, पण रंग थरांवर थर. मुळात थाय, खाली इंग्रजी. कोपऱ्यातला निळा रंग उडालाय तिथे जर्मन अक्षरं दिसतात. त्यावर रशियन. पट्टायाला पाहुण्यांची सवय लागली ती साठच्या दशकात, व्हिएतनामच्या युद्धातून चार दिवस सुटीवर येणाऱ्या अमेरिकन सैनिकांपासून. बी-५२ बॉम्बफेकी विमानं उडायची तो उ-तपाओचा तळ इथून तासाभराच्या आत. ते गेले, जर्मन आले. मग रशियन. मी आलो त्याच हिवाळ्यात रुबल कोसळला आणि रशियन असे नाहीसे झाले की निम्म्या दुकानांत पिवळ्या झालेल्या रशियन पाट्या तेवढ्या उरल्या. पीने तेव्हाही ङियापच म्हटलं असणार. मला थाय येत नव्हतं, म्हणून ऐकू आलं नाही.

गेल्या वर्षी त्या पाटीवर नवी ओळ आली. 'नमस्ते कपडा धुलाई'. 'धुलाई'ला ऱ्हस्व उकार की दीर्घ, हे पीने मलाच विचारलं होतं.

कारण येतोय तो आता आपला माणूस. २०२४ मध्ये २१ लाख भारतीय आले, २०२५ मध्ये त्याहूनही बरेच जास्त. पुण्याहून थेट विमान सुरू झालंय. संध्याकाळी किनाऱ्यावर फिरताना पाचेक मिनिटांत मराठी कानावर पडतं. परवा इचलकरंजीची मंडळी भेटली, सहा जोडपी, वर्तमानपत्र पसरून चिवडा, भाकरी आणि ठेचा. माझ्या हातातली मेथीची जुडी बघून एका वहिनींनी ओळखलं. "अहो, मराठी का तुम्ही?" मग बसावंच लागलं. ठेचा अप्रतिम होता. त्यांचं म्हणणं, उद्या दिवसभर आमच्याबरोबर चला, सगळं दाखवा, तुमचं काय असेल ते देऊ. मी म्हटलं, काका, इथे परदेशी माणसाला गाइडचं काम करायला बंदी आहे. केस कापायलाही बंदी आहे. मसाजलाही. त्यावर मागून एक जण म्हणाला, "मसाज द्यायला बंदी असेल हो, घ्यायला नाही ना?" आणि बारा जणांच्या हास्याने शेजारच्या खुर्च्यांवरची माणसं वळून बघायला लागली.

त्यांनी मला दरांचंही विचारलं. कुठल्याशा उद्यानात त्यांना थाय माणसापेक्षा कितीतरी जास्त पैसे पडले होते आणि ते चांगलेच चिडले होते. हे दुहेरी दर इथलं सगळ्यांत जुनं भांडण. खाओ याई राष्ट्रीय उद्यानात परदेशी माणसाला ४०० बाथ, थाय माणसाला ४०. गंमत अशी की थाय लोकांचा दर बऱ्याच ठिकाणी थाय अंकांत लिहितात, म्हणजे पाहुण्याला कळू नये. पण मराठी डोळ्याला ते अंक अगदीच परके वाटत नाहीत, आपल्या अंकांचे ते चुलतभाऊ. शून्य तर शून्यच. मी पहिल्याच वर्षी फलकासमोर उभा राहून दोन्ही दर लावले होते. तेव्हा फार संताप आला. नंतर एकदा कारखान्यातले थाय सहकारी अजिंठा-वेरूळला जाऊन आले आणि त्यांनी तिकिटं दाखवली. आपण परदेशी माणसाकडून तिथे ६०० रुपये घेतो, भारतीयांकडून ४०. पण शेजारदेशांच्या एका गटात थायलंड बसतं, म्हणून थाय माणसालाही ४० च. तिकिटं परत देताना ते मला म्हणाले, तुमचा देश फार चांगला आहे. मी काही बोललो नाही. त्या आठवड्यात मी खाओ याईला जाऊन आलो होतो.

मध्यंतरी मामेभावाचा फोन आला. त्याच्या गोव्यात पेडण्याकडे चार खोल्या आहेत, भाड्याने देतो. एरवी गणपतीचं विचारायला फोन करणारा माणूस, आवाजात भलताच त्रागा. "काय रे, तुझ्या थायलंडान आमचा गिऱ्हाईक पळवल्यान!" त्या दिवसांत 'गोव्यापेक्षा थायलंड स्वस्त' असं सगळीकडे फिरत होतं, टॅक्सीचे दर, खोल्यांचे दर शेजारी शेजारी मांडून. मी त्याला सांगायचा प्रयत्न केला, की बाबा, थायलंडमध्ये लोक म्हणताहेत त्यांचं गिऱ्हाईक व्हिएतनामने पळवलं. त्याला पटलं नाही. गोव्यात २०१९ मध्ये नऊ लाखांवर परदेशी पाहुणे आले होते, २०२४ मध्ये त्याच्या निम्मे. देशी पाहुण्यांनी एकूण आकडा कोटीपार नेला खरा, पण मामेभावाचं म्हणणं, एका खोलीत आठ जण झोपतात, बाहेर गॅसवर मॅगी करतात आणि जाताना दर कमी करा म्हणतात. "असले गिऱ्हाईक होये कोणाक?" मग दोन मिनिटं तो भायल्यांविषयी बोलत राहिला, बाहेरून येऊन जमिनी घेणाऱ्यांविषयी, राहायला आलेल्या दिल्लीवाल्यांविषयी. बोलता बोलता थांबला आणि म्हणाला, "तुका नाय म्हणणंय हां." मी म्हटलं, मला कशाला म्हणशील, मी तर सावंतवाडीचा. म्हटलं खरं, आणि लगेच लक्षात आलं, गोव्याच्या हिशेबात सावंतवाडीपण बाहेरच येते.

आणि आम्ही तरी काय वेगळे? पावसाळ्यात आंबोलीचा धबधबा बघायला गाड्यांची रांग लागली की माझे वडील ओट्यावर बसून मोजायचे आणि प्रत्येक गाडीला एक शिवी द्यायचे. घाटातल्या चहाच्या टपरीत भागीदारी आमचीच होती.

थाय भाषेत गोऱ्या माणसाला 'फरांग' म्हणतात. आपला फिरंगी आणि हा फरांग एकाच घरातले. आम्ही फरांग नाही. भारतीय, अरब, मलाय अशांना इथे 'खॅक' म्हणतात. बँकॉकमध्ये सिलोमला तमिळ लोकांनी बांधलेलं मारियम्मन देवीचं देऊळ आहे, त्याला सगळे 'वाट खॅक' म्हणतात, म्हणजे खॅकांचं देऊळ. एक जुनी म्हणही आहे, साप आणि खॅक एकदम दिसले तर आधी खॅकला हाण. कारखान्यात कुणीतरी ती हसत हसत ऐकवली होती. पण या शब्दाचा मूळ अर्थ वेगळा आहे, आणि तो कळायला मला चार वर्षं लागली. खॅक म्हणजे पाहुणा. हॉटेलात उतरतो तो खॅक, लग्नाला येतो तो खॅक, आणि अकरा वर्षं आयकर भरतो तोही खॅक.

शब्द कळला त्याच सुमारास मी थाय वाचायला शिकलो. शिकल्यावर माणूस समोर येईल ते वाचत सुटतो; औषधाची बाटली, बसचा मागचा भाग. तसंच एकदा कपड्यांची पिशवी घरी आणली आणि पीने पिन मारलेली चिठ्ठी वाचली. इतकी वर्षं मला वाटायचं, तिथे माझं नाव लिहिलेलं असतं. अक्षरं मोजून तीन, चांगलं वळणदार. वाचलं तर 'खॅक', आणि पुढे इमारतीचा नंबर. शेजारच्या इंग्रजाच्या चिठ्ठीवर 'फरांग म्हातारा' होतं. मी त्याला सांगितलं नाही. पीच्या मनात काही वाईट नव्हतं हे मला तेव्हाही माहीत होतं. तीस बोचकी असतात, कुणाचं कुठलं हे कळायला काहीतरी लिहावं लागतं. आणि मी तरी त्यांना गेली अकरा वर्षं नुसतं 'ताई'च म्हणतोय की. तरी ती चिठ्ठी बरेच दिवस पाकिटात होती. कायमच्या रहिवासाचा अर्ज मी त्याच आठवड्यात आणला होता. तो अजून कपाटात आहे, कुडाळच्या घराच्या कागदांखाली. बायको एकदा म्हणाली, तुला नक्की राहायचंय का इथे? मी म्हटलं, फी फार आहे.

शेजारी नोव्हेंबरमध्ये गेला. फिलिपीन्सला, तिथे निवृत्तांना सोपं पडतं म्हणे. आठ लाख बँकेतून काढताना त्याचे हात थरथरत होते, बाटलीने की आनंदाने कोण जाणे. जर्मनांपैकी एक युरोपात मुलीकडे गेला. कट्ट्यावर दुसरा जर्मन, नॉर्वेजियन आणि मी उरलो, आणि आम्हा तिघांना बोलायला फारसं काही सापडत नाही. आकड्यांवरून ग्लास भिडवणं तर बंदच झालं.

परवा कपडे आणायला गेलो. चारपैकी दोनच मशिनं चालू होती. एकावर मांजर झोपलं होतं. दांड्यांवर रिकामे हँगर पंख्याच्या वाऱ्याने एकमेकांवर आपटत होते. मी विचारायच्या आधीच पी म्हणाल्या, ङियाप. मग त्यांनी माझ्या तारखेची चौकशी केली. नव्वद दिवस कधी भरताहेत? मी सांगितलं, पुढच्या महिन्यात बारा तारखेला. गावाला जाणार का? एप्रिलमध्ये. परत येणार ना? येणार. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान हलवली.

घरी येऊन पिशवी उघडली. सवयीने चिठ्ठी शोधली, तर नव्हती. पिनेचं भोकही नव्हतं. खाली जाऊन विचारावं असं वाटलं, मग आठवलं, मघाशी फळीवर नजर गेली होती तेव्हा तिथे दोनच बोचकी होती.